कंटेनर पुढे, पिशवी मागे

जागतिक बँक दरवर्षी 1 जुलैला देशांचा निकाल लावते. शाळेत पोरांना गुणांवर तुकड्या देतात, तशा इथं देशांना दरडोई उत्पन्नावर. अ तुकडीत अमेरिका, जपान, जर्मनी. ड तुकडीत सुदान, युगांडा. आपण क तुकडीत. 2007 च्या आकड्यांवर आपली ड मधून क मध्ये बढती झाली आणि तेव्हापासून आपण बाक सोडलेला नाही. 2023 च्या उत्पन्नावर जो निकाल लागला, त्यात या तुकडीची हद्द 1,146 ते 4,515 डॉलर होती. आपण अडीच हजारांच्या आसपास घुटमळत होतो. बाकावरचे सोबती म्हणजे बांगलादेश, पाकिस्तान, व्हिएतनाम, फिलिपाइन्स, इजिप्त, केनिया. श्रीलंका 2019 मध्ये ब तुकडीत जाऊन बसली आणि पुढच्याच वर्षी दप्तर घेऊन परत आली.

या क तुकडीनं वर्षानुवर्षं जगाला किती माल विकला, याचे आलेख काढायचा अर्थतज्ज्ञांना भारी नाद. पन्नास-साठ वर्षांची एकच रेघ. ती डावीकडून उजवीकडे चढत जाते, 2009 मध्ये एक गचका, 2020 मध्ये एक गचका, की पुन्हा चढते. लांबून बघितलं तर फार सुंदर दिसते.

आपली रेघ जवळून बघा. 1948 साली जगात जेवढा माल देशोदेशी विकला जात होता, त्यातल्या शंभर रुपयांत आपले 2 रुपये 20 पैसे होते. ताग, चहा, कापड. 1983 साली ते 50 पैशांवर आले. आज 1 रुपया 80 पैशांच्या आसपास आहेत. म्हणजे पाऊणशे वर्षं चालून आपण जिथून निघालो तिथं अजून पोचायचोच आहोत. तेव्हा जर्मनी-जपान युद्धात बेचिराख झाले होते, म्हणून आपला वाटा मोठा दिसायचा, असं तज्ज्ञ लगेच सांगतात. खरं आहे. पण मग ते बेचिराख झालेले अ तुकडीत कसे गेले, हे विचारलं की तज्ज्ञांना मीटिंग असते.

व्हिएतनामचं तर नाव काढू नये. 1990 साली त्याची निर्यात अडीच अब्ज डॉलरही नव्हती. 2024 मध्ये ती चारशे अब्जांच्या वर गेली. लोकसंख्या दहा कोटी, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा कमी. सगळा भारत मिळून 2024-25 मध्ये 437 अब्जांचा माल बाहेर धाडतो. एका बाजूला एक देश, दुसऱ्या बाजूला आपल्या एका राज्याएवढा देश, आणि तराजू जवळजवळ बरोबर. तिथली निम्म्याहून कितीतरी जास्त निर्यात परदेशी कंपन्या करतात, सुटे भाग बाहेरून येतात, हेही खरं. काजू मात्र त्यांनी कुणाच्या परवानगीनं उचलला, ते कोकणाला विचारा. आफ्रिकेतून कच्च्या बिया आणतात, सोलतात, आणि गर जगाला विकतात. सोलायची अक्कल आपली होती म्हणतात.

असो. आलेख बाजूला ठेवून पाबळला जाऊ.

पाबळ शिरूर तालुक्यात. पर्जन्यछायेतलं गाव. वेळ नदी आहे. तिच्यात पाणी असणं हा स्वतंत्र विषय. बाजीरावानं मस्तानीला हे गाव इनाम दिलं, तिची समाधी इथं आहे, म्हणून सिनेमावाले आणि सहलीवाले येतात. आणखी एक माणूस इथं मुद्दाम आला. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत इलिनॉयमध्ये डॉक्टरेट, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन, आणि सगळं सोडून 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम. हाताला काम शिकवत डोकं चालवायला लावायचं, हा त्यांचा धडा. ज्या साली आपली जागतिक निर्यात 50 पैशांवर टेकली होती, त्याच साली हा माणूस दुष्काळी गावात पोरांना वेल्डिंग शिकवायला बसला. दिल्लीत त्या वर्षी निर्यात वाढवायला कोणत्या समित्या बसल्या होत्या ते कुणाला आठवत नाही.

नकाशात पाबळची जागा मोठी गमतीची आहे. एका बाजूला चाकण, दुसऱ्या बाजूला रांजणगाव. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. तिथली व्हेंटो मेक्सिकोला जाऊन धावली. चाकणच्याच केटीएम दुचाकी युरोपात गेल्या. रांजणगावला, अष्टविनायकातल्या महागणपतीच्या शेजारी, जीप कंपास बनते. 2017 पासून ती उजव्या हाताचं स्टिअरिंग घेऊन जपान, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड फिरून आली. आणि मध्ये पाबळ, केंदूर, कान्हेरसरचा पट्टा. इथं कांदा होतो.

चाकण-शिक्रापूर रस्त्यावर संध्याकाळी उभं राहा. म्हणजे उभंच राहावं लागतं. न्हावा शेव्याला निघालेला कंटेनर आणि कांद्याच्या पिशव्या भरलेली पिकअप एकाच खड्ड्यात, एकाच रांगेत, एकमेकांना हॉर्न मारत. दोन्ही गाड्यांत निर्यातीचाच माल. फरक एवढाच की कंटेनरला ठाऊक असतं, आपण बोटीत चढणार. पिशवीला ठाऊक नसतं.

कारण कंटेनरसाठी सरकार प्रोत्साहन योजना काढतं. 31 ऑक्टोबर 2022 ला रांजणगावसाठी इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर जाहीर झालं, 297 एकरांचं, 492 कोटी 85 लाख रुपयांचं. फोक्सवॅगनच्या मेक्सिकोला निघालेल्या गाड्या संध्याकाळी अधिसूचना काढून बंदरात अडवल्या, असं कधी ऐकलंय? देशात गाड्या महाग झाल्या म्हणून? मध्यमवर्गाला सणासुदीला गाडी परवडत नाही म्हणून? नाही ना. गाडी हा निर्यातीचा माल आहे. कांदा हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न मोठा किती? 2022-23 मध्ये आपण सुमारे 25 लाख टन कांदा बाहेर पाठवला. आले सुमारे 56 कोटी डॉलर, आपल्या पैशांत साडेचार हजार कोटी. त्या वर्षी देशाची एकूण मालाची निर्यात 451 अब्ज डॉलर. भागाकार करून बघा. हजार रुपयांच्या निर्यातीत कांद्याचा वाटा सव्वा रुपया. सव्वा रुपयात आजकाल नारळ येत नाही, पण या सव्वा रुपयासाठी दिल्लीत जेवढ्या अधिसूचना निघाल्या, तेवढ्या उरलेल्या 998 रुपये 75 पैशांसाठी निघाल्या असतील की नाही, शंका आहे.

पंचांग मांडतो. 19 ऑगस्ट 2023: कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क. आरडाओरड झाली, तेव्हा दोन लाख टन कांदा 2,410 रुपये क्विंटलनं सरकार विकत घेणार अशी मलमपट्टी. 28 ऑक्टोबर: किमान निर्यात मूल्य टनाला 800 डॉलर. इथं जरा थांबा. आदल्या वर्षी आपला कांदा सरासरी 220 डॉलर टनानं गेला होता. म्हणजे पाबळच्या शेतकऱ्याला सांगितलं, तू जगात जा, हरकत नाही, फक्त भाव जवळजवळ चौपट सांग. 8 डिसेंबर: आता चौपटही नको, थेट बंदी, 31 मार्च 2024 पर्यंत. 31 मार्च उजाडायच्या आधीच 22 मार्चला कळलं की बंदी पुढील आदेशापर्यंत. एप्रिलच्या शेवटी गुजरातचा दोन हजार टन पांढरा कांदा मात्र बोटीत बसला. महाराष्ट्रात लोकांनी कपाळाला हात लावला, तेव्हा दोन दिवसांत सहा देशांना 99 हजार 150 टन देऊ असं सांगण्यात आलं. हे 150 टन कुठल्या हिशेबानं, हे विचारायचं नाही.

मग 4 मे 2024 ला बंदी उठली. 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क शिल्लक ठेवून उठली, म्हणजे दार उघडलं आणि उंबऱ्यावर म्हैस बसवली. शिरूर लोकसभेचं मतदान 13 मेला होतं. नऊ दिवसांत शेतकरी कृतज्ञ होतो, असं दिल्लीत कुणीतरी मोजून ठेवलं असावं. शिरूरला सत्ताधाऱ्यांचा उमेदवार पडला, दिंडोरीत तर केंद्रात मंत्री असलेल्या बाई पडल्या. पुढे 13 सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. नोव्हेंबरात विधानसभा होती. उरलेलं शुल्क 1 एप्रिल 2025 ला गेलं. तारीख नीट वाचा, पण ते खरंच गेलं.

हे एका पक्षाचं पाप आहे असं समजून कुणी हसू नये. डिसेंबर 2010 मध्ये दुसरं सरकार होतं, तेव्हाही बंदीच होती. सप्टेंबर 2011 मध्ये पुन्हा. 2013 मध्ये किमान मूल्य 650, मग 900, मग 1,150 डॉलर. कांद्याच्या बाबतीत आपल्याकडे कमालीची राष्ट्रीय एकवाक्यता आहे.

माझं आवडतं प्रकरण 2020 चं. 14 सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद. 15 सप्टेंबरला लोकसभेत जीवनावश्यक वस्तू कायद्याची दुरुस्ती मंजूर, ज्यात कांदा, बटाटा, डाळी मोकळ्या केल्याचा डंका. एका दिवसाचं अंतर. सोमवारी बेडी, मंगळवारी स्वातंत्र्य, आणि बेडी तशीच. शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य मिळालं; बाजारात जाण्याचं राहिलं तेवढं.

आता समजा, पाबळच्या एखाद्या शिकल्या-सवरल्या पोरानं ठरवलं, आडत्याच्या पट्टीवर किती दिवस जगायचं, आपणच निर्यात करू. आयात-निर्यात कोड काढला, दुबईचा व्यापारी गाठला.

"शेठ, गरवा कांदा आहे. बराखीत तीन महिने टिकलेला. एक नंबर गोळा. भाव बोला."

"माल चांगला आहे भाऊ. पण मला वर्षभर दर महिन्याला दोन कंटेनर लागतील. देशील?"

"देतो की."

"दिवाळीतपण?"

"दिवाळीचं... तुमच्याकडे निवडणुका नसतात का शेठ?"

"आमच्याकडे नसतात."

"आमच्याकडे असतात. कळवतो."

शेठ फोन ठेवतो आणि दुसरा नंबर फिरवतो. कराचीचा किंवा कैरोचा. तिथला कांदा आपल्या गरव्यापेक्षा तिखट आहे की फिका, ही चर्चा आपण करत बसतो. गिऱ्हाईक चव बघत नाही. माल वेळेवर येतो का ते बघतं. क तुकडीतून जे वर सरकले, त्यांच्या निर्यातीचं गुपित शोधायला जाडजूड ग्रंथ आहेत. माझ्या बुद्धीला त्यातलं एवढंच कळलं की त्यांनी गिऱ्हाइकाला धक्के दिले नाहीत.

आपण दिले. 29 सप्टेंबर 2019 ला बंदी घातली, तेव्हा बांगलादेशाकडे जाणारे ट्रक सीमेवर तटले. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नको असं सांगून ठेवलंय, बंदी घालताना आधी जरा कळवत जा, असं त्या हसत हसत बोलल्या. सभागृहही हसलं. त्यांनी मात्र घरी जाऊन तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, चीन, पाकिस्तान, मिळेल तिथून कांदा आणला आणि आपल्या शेतकऱ्याला कांदा लावायला सांगितलं. आपलं सगळ्यात मोठं, सगळ्यात जवळचं, ट्रकनं पोचता येणारं गिऱ्हाईक. त्याला कांदा पिकवायला आपणच शिकवलं. याला तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणतात की काय, विज्ञान आश्रमात विचारलं पाहिजे.

दुसऱ्यानं असं केलं की आपल्याला किती लागतं बघा. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के आयात शुल्क लावलं. केवढा गहजब! अन्याय, दादागिरी, स्वाभिमान, स्वदेशी. सगळं मान्य. पण परक्यानं आपल्या मालावर 50 टक्के लावले की ती दादागिरी, आणि आपण आपल्याच मालावर, आपल्याच बंदरात, आपल्याच शेतकऱ्याकडून 40 टक्के घेतले की ते दूरदर्शी व्यवस्थापन? ट्रम्पसाहेबांना निदान दुसऱ्या देशाचे लोक मत देत नाहीत. आपल्याला शिरूरचे देतात.

हे फक्त कांद्याचं म्हणू नका. शेजारच्या दौंडात जा, तिथं ऊस आहे. 2021-22 मध्ये देशानं विक्रमी 110 लाख टन साखर बाहेर विकली. कौतुकाचे अग्रलेख छापून होत होते तोवर 1 जून 2022 पासून निर्यातीला वेसण. 2023-24 च्या हंगामात निर्यात शून्य. जानेवारी 2025 मध्ये दहा लाख टनांची परवानगी, म्हणजे विक्रमाच्या अकराव्या हिश्शाइतकी. गव्हाचं तर विचारूच नका. एप्रिल 2022 मध्ये आपण जगाला अन्न पुरवायला तयार होतो. 13 मेला गव्हाची निर्यात बंद. जगाला जेवायला बोलावलं आणि पानं मांडल्यावर चूल विझवली. पण गहू काही पाबळचा नव्हे, पुढे जाऊ.

शहरातल्या माणसाची बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला कांदा शंभर रुपये झाला की भाकरीबरोबर काय खायचं हा प्रश्न खराच पडतो, आणि तो खोलीतला माणूस बऱ्याचदा पाबळ-केंदूरकडूनच आलेला असतो. पण महागाईच्या निर्देशांकात बरीच वर्षं कांद्याचं वजन धरलं जायचं 0.64 टक्के. टीव्हीवर ते चाळीस टक्के असतं. 1998 मध्ये दिल्लीतलं राज्य कांद्यानं घालवलं, ही दंतकथा प्रत्येक मंत्र्याच्या उशाशी आहे. ज्याला कांदा परवडत नाही त्याच्या खात्यात चार पैसे टाका, बराखी बांधायला पैसे द्या, साठा वेळेवर बाजारात काढा. हे सगळं महाग आणि वेळखाऊ. अधिसूचनेला एक कागद लागतो. त्या कागदानं शहरात किलोमागे पाच-दहा रुपये उतरतात आणि चाकणला दहा किलोचा भाव कोसळतो. दोन्हीकडचे आकडे वेगवेगळ्या पानांवर छापले जातात, म्हणून सगळे सुखात.

बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या नादात हा मुलूख पहिल्यांदाच पोळला असंही नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. निर्यातीचा आलेख म्हणाल तर एकदम उभा. मुंबईत शेअरांचा कैफ, समुद्र बुजवायच्या कंपन्या, प्रेमचंद रायचंद. आमच्या कोरड्या मुलखात कापूस कमी, पण गाडीभाडं वाढलं, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळाली, भाव चढले, आणि सावकार दारात येऊन उधारी देऊ लागला. सरकारनंही तेजी बघून शेतसारा वाढवला. सारा ठरायचा तीस वर्षांसाठी; तेजी टिकली चार वर्षं. 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, मुंबईच्या कंपन्या बुडाल्या, आणि घसरण हळूहळू घाट चढून देशावर आली. भाव उतरला, सारा उतरला नाही, कर्ज उतरलं नाही. 12 मे 1875 ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक सावकारांवर उठले, आणि ते लोण शिरूर, इंदापूरकडे पसरलं. या उठावात माणसं फारशी मारली नाहीत. गहाणखतं, कर्जरोखे शोधून शोधून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून त्याचा अहवाल झाला, 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदाही झाला.

लँकेशायरला कापूस किती गेला याचे आकडे आजही पौंडापर्यंत सापडतात. सुप्यात कर्जरोखे किती जळाले याचा आलेख कुणी काढल्याचं पाहण्यात नाही. दीर्घकालीन कल म्हणजे जो बंदरातून दिसतो तो. वेशीतून दिसतो त्याला वर्तमानपत्रात कर्जबाजारीपणा म्हणतात.

यावर हमखास एक उत्तर येतं: शेतमाल कच्चा विकू नका, प्रक्रिया करा, किंमत वाढवा. उत्तर चुकीचं नाही. आपल्याच निर्यातीकडे बघा. ताग आणि चहा मागे पडले, यंत्रं, वाहनं, औषधं पुढे आली. कच्चं तेल बाहेरून आणतो आणि डिझेल करून बाहेर विकतो, त्यावर अब्जावधी डॉलर येतात. मोबाइल तर आता विमानानं जातात. इलेक्ट्रॉनिक्सची निर्यात 2023-24 मध्ये 29 अब्ज होती, 2024-25 मध्ये साडेअडतीस अब्जांवर गेली. फक्त हे सांगणाऱ्यांची एक समजूत आहे की गावाला तंत्र कळत नाही.

पाबळला येऊन बघावं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं आपल्या बाहेरची पहिली फॅब लॅब काढली, ती बॉस्टनच्या उपनगरात नव्हे, बंगळुरूतही नव्हे, विज्ञान आश्रमात. संगणकावर नकाशा काढायचा आणि यंत्रानं वस्तू कापून घ्यायची, हे दहावी नापास पोरांच्या हाती दिलं. आज जगात अशा दोन हजारांवर प्रयोगशाळा आहेत. आश्रमाचा लोखंडी त्रिकोणांचा घुमट भूकंपांनंतर लातूरकडे आणि कच्छात उभा राहिला. पाबळनं जगाला काय दिलं याची नोंद करायची तर ती कुठल्या रकान्यात करणार? मालाच्या निर्यातीत वजन लागतं, टन लागतात. अक्कल बोटीत चढत नाही, म्हणून ती शून्य धरतात. तीच अक्कल हिंजवडीतून तारेनं गेली असती तर सेवा निर्यात झाली असती आणि तिच्यावर परिसंवाद भरले असते.

तर प्रक्रिया. कांद्याची प्रक्रिया म्हणजे मुख्यतः वाळवण. काप, चकत्या, पूड. त्याला पांढरा, घट्ट, पाणी कमी असलेला कांदा लागतो. आपला गरवा पडतो लाल आणि रसाळ. तो मिसळीवर चिरायला उत्तम, पूड करायला नाही. बियाणं बदला, पीक बदला, वाळवणी यंत्रं आणा, वीज आणा, मग गिऱ्हाईक शोधा. गुजरातेत महुव्याला हे सगळं कधीच झालं. तिथं वाळवणाचे कारखाने रांगेनं उभे आहेत. आपल्याकडे जळगावला झालं. शिरूर तालुक्यात बराखीतला कांदा सडायला लागला की बदला, चिंगळी, म्हणजे खराब आणि बारका कांदा, निवडून वेगळा करतात आणि मिळेल त्या भावाला देऊन टाकतात, हीच प्रक्रिया.

पण सरकारनं वाळवणाराची सोय मात्र केलेली आहे, हे सांगायलाच हवं. 14 सप्टेंबर 2020 च्या त्या बंदीच्या आदेशात एक कंस आहे. सर्व प्रकारच्या कांद्याची निर्यात बंद, कापलेला, चिरलेला, तुकडे केलेला आणि पूड केलेला सोडून. जो कांदा शाबूत, तो देशाबाहेर जाऊ शकत नव्हता. ज्याची पूड झाली, त्याला कुठंही जायची मुभा होती. पाबळच्या कांद्याची पूड झाली नव्हती. पिकवणाराची झाली होती, पण त्याच्यासाठी वेगळा कंस काढावा असं आदेश लिहिणाऱ्या बाबूला सुचलं नाही.